हात न लावलेली गाडी

कारखान्यात तिला सगळे 'गिऱ्हाईक' म्हणत. आईवडिलांनी ठेवलेलं चांगलं नाव होतं, पण ते पगाराच्या दिवशी सहीपुरतं बाहेर येई. एरवी "गिऱ्हाईक आलं का?", "गिऱ्हाइकाला विचारा", "गिऱ्हाईक आज तापलंय, जरा जपून" असंच चाले. तिलाही त्यात काही वावगं वाटत नसे. उलट एखादी नवी पोरगी नावाने हाक मारायला गेली, तर ही मानही वर करायची नाही.

हा कारखाना रिमोटवर पळणाऱ्या गाड्यांचा. म्हणजे गाड्या तिथे बनत नसत. गाड्यांचे सुटे भाग बनत आणि खोक्यात भरले जात. सांगाडा, गिअर, दांडे, चाकं, मोटर, स्क्रूच्या पुड्या, वरची रंगीत टोपी आणि एक पुस्तिका. विकत घेणाऱ्याने घरी बसून, पुस्तिकेत बघून गाडी स्वतः जोडायची. 'जोडण्यातच खरी मजा' असं खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं असे. आता ही मजा खोक्यात खरोखर आहे की नाही, हे माल बाहेर पडण्याआधी कुणीतरी बघायला नको? ते ती बघे. गोदामात जाऊन थप्पीतलं मनाला येईल ते खोकं उपसायचं, खिडकीजवळच्या आपल्या टेबलावर आणायचं, पट्टी कापायची आणि घरच्या गिऱ्हाइकासारखी गाडी जोडायला बसायचं. गाडी पळाली की ती थप्पीवर हिरवी चकती चिकटवी. चकतीशिवाय माल फाटकाबाहेर जात नसे. एकदा खुद्द मालकाच्या मेव्हण्याला घाई होती आणि तो तिच्या टेबलाशी येरझाऱ्या घालत होता. तिने त्याच्याकडे एक स्टूल सरकवलं आणि म्हणाली, "बसा. उभं राहिल्याने गाडी लवकर होत नाही."

अशी होती ती. नाकावर माशी बसू द्यायची नाही. पण खरं सांगायचं तर तिला तो तोरा शोभायचा, कारण हातात तसं काही होतं. लहानपणी आळीत कुठे गाठ पडली की हिला हाक जाई. बुटाची नाडी असो, लोकरीचा गुंडा असो, नाहीतर कुणाच्या केसांत अडकलेला कंगवा. बाकीची पोरं दातांनी ओढून गाठ आणखी घट्ट करीत. ही आधी नुसती बघत बसे, मग दोन बोटांनी काहीतरी करी आणि गाठ सुटे. कारखान्यात ती लागली ती स्क्रूच्या पुड्या भरायला. एकदा तपासणीचा माणूस आजारी पडला. तेव्हाच्या फोरमनने गंमत म्हणून तिच्यासमोर एक खोकं ठेवलं. त्याचा चहा निवायच्या आत गाडी जमिनीवर पळत होती. फोरमन चहा पिता पिता म्हणाला, "तो बरा होऊन आला तरी ही खुर्ची आता तुझी." त्या माणसाला पुढे गोदामात काम दिलं आणि खुर्ची हिची झाली ती झालीच.

तेव्हापासून तिच्या हातून गाडी अडली नव्हती. चहाच्या सुट्टीत मोल्डिंगच्या, म्हणजे साच्यातून प्लास्टिकचे भाग काढणाऱ्या, पोरी तिचं काम बघायला टेबलाभोवती जमत. बाहेरून कुणी पाहुणे आले की कारखान्याचे साहेब त्यांना यंत्रं दाखवत आणि मग हिच्याकडे आणत. तिने डाव्या अंगठ्याचं नख जरा वाढवून ठेवलं होतं. ते कशासाठी, असं कुणी विचारलं तर म्हणे, "असू दे, शोभेला आहे." बोटं तिची काही फार देखणी नव्हती, ठेंगणी आणि खरबरीत होती, पण ती स्वतः त्यांच्याकडे असं काही बघे की बघणाऱ्यालाही ती देखणी वाटायला लागत.

घरी मात्र या तोऱ्याला एक जोड होती. तिची मोठी नणंद. नणंदेने सारी उमर इस्पितळात परिचारिका म्हणून काढली होती. सुकून काटकी झालेल्या म्हाताऱ्याच्या, दोन दिवसांच्या बाळाच्या हातातली शीर तिला एका खेपेत सापडायची. भले भले डॉक्टर अडले की तिला बोलावून घेत. आता ती निवृत्त होऊन पलीकडच्याच गल्लीत एकटी राहत होती आणि वेळ कसा घालवावा हा प्रश्न तिने स्वतःपुरता न ठेवता भावाच्या संसारात सोडवायला घेतला होता. एका म्यानात दोन तलवारी म्हणतात, तशी गत. दोघींचे हात नामांकित, दोघींच्या जिभा त्याहून. नवरा बिचारा बसचालक. दिवसभर रहदारीतून वाट काढून घरी येई आणि घरात पुन्हा तेच काम त्याच्या वाट्याला येई.

त्या साली कारखान्याने मोठ्या चाकांची एक नवी गाडी काढली. गाडी दिसायला फारच झोकदार. जाहिरात झाली, दुकानांतून मागणी आली, मोल्डिंगची यंत्रं थांबेनाशी झाली. तिने खोकी उपसली, गाड्या जोडल्या, त्या पळाल्या आणि चकत्या लागल्या. आणि मग महिनाभराने खोकी परत यायला लागली.

आधी दोनचार, मग ढिगाने. गोदामाशेजारची खोली भरली, मग व्हरांड्यात थप्प्या लागल्या. सगळ्यांचं रडगाणं तेच. गिअरबॉक्स जाम होतो, स्क्रू नुसते फिरतात, धरत नाहीत, चाक डुलतं. साहेबांनी एक गाडी तिच्यापुढे ठेवली. तिने ती खोलली, पुन्हा जोडली आणि सोडून दिली. गाडी खोलीभर भिंगरीसारखी फिरली. दुसरी दिली. तीही पळाली.

"बघा," ती म्हणाली, "काय झालंय हिला?"

"काही नाही," साहेब म्हणाले. "नाचता येईना अंगण वाकडं. लोकांना हातच राहिले नाहीत आजकाल."

यावर सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने ती हसली, कारण हात कुणाला आहेत हा मुद्दा निघाला की तिला आतून गुदगुल्या होत. पुढे हा तिचा खेळच झाला. परत आलेली गाडी घ्यायची, बघता बघता सुरू करायची आणि बाजूला ठेवताना म्हणायचं, "गाडीला धाड भरलेली नाही, माणसाला भरलीय."

एका रविवारी दुपारी नणंदेचा निरोप आला, जरा येऊन जा. ही गेली. बघते तर जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर नव्या गाडीचे भाग ओळीने मांडलेले, अगदी शस्त्रक्रियेच्या तयारीसारखे. मध्ये अर्धी जोडलेली गाडी. नणंदेने दुकानातून रीतसर विकत आणली होती, कुणाला न सांगता. भावजय जिच्यावर एवढी मिजास करते ते आहे तरी काय, हे तिला बघायचं होतं.

"तुझी गाडी चालत नाही," नणंद म्हणाली.

हिला एकदम उकळ्या फुटल्या. इतक्या वर्षांत देवाने असा रविवार दिला नव्हता. "असू दे ताई," ती फार गोड आवाजात म्हणाली, "प्रत्येकाच्या हातात असतं असं नाही. सरका, मी बघते."

"हात मागे घे," नणंद म्हणाली. "आधी माझं बघ. मग बोल."

आणि तिने पुस्तिका समोर धरून गिअरबॉक्स पहिल्यापासून जोडायला घेतला. भावजय हात मांडीवर घेऊन बसली. नणंदेचा हात चुकत नव्हता, हे तिला पहिल्याच स्क्रूला कबूल करावं लागलं. हात थरथरत नव्हता, घाई नव्हती, जोर जिथल्या तिथे. पुस्तिकेत जो क्रम होता तोच क्रम. आणि तरी तिसरा स्क्रू आवळला की आतले गिअर घट्ट होत आणि चौथ्याला फिरायचे थांबत. एक स्क्रू तर गोल गोल फिरत राहिला. त्याने प्लास्टिकचं भोकच खाऊन टाकलं होतं. बाळाची शीर धरणारे हात ते. या बाईला हात नाहीत असं म्हणायला तिची जीभ, कधी नव्हे ती, उचलेना.

"आता तू जोड," नणंद म्हणाली. "मी बघते."

भावजयीने गाडी ओढून घेतली, खोलली आणि सुरू केलं. नणंद टेबलावर कोपर टेकून बघत होती. तिने आयुष्यभर शिकाऊ पोरींचे हात बघितले होते. औषधाच्या बाटलीचं बूच कसं उघडलं यावरून पोरगी पुढे काय चुकणार, हे तिला कळायचं.

"थांब. हे काय केलंस?"

"काय केलं?"

"नखाने खरवडलंस काहीतरी. त्या कडेला."

भावजयीने अंगठ्याकडे पाहिलं. नखात प्लास्टिकचा पातळ पापुद्रा अडकला होता. "ते होय," ती म्हणाली, "ते काही नाही," आणि पुढे गेली.

"थांब. स्क्रू केसांतून का फिरवलास?"

"मी? केसांतून?"

"आत्ता फिरवलास. तेल लागावं म्हणून. आणि लावताना आधी उलटा फिरवलास, मग सुलटा. हे पुस्तिकेत कुठे आहे?"

तिला आठवेना. ती हळू झाली, पण हात हळू होईनात. तिने गिअरबॉक्सची दोन शकलं तळव्यात दाबून धरली आणि स्क्रू ओळीने न लावता समोरासमोरचे लावले. नणंदेने ते टिपलं. दोन गिअरांच्या मध्ये तिने वर्तमानपत्राचा कपटा घातला, मोटर आवळली, कपटा ओढून काढला. तेही टिपलं. चाक बसवलं, फिरवून पाहिलं, काढलं, अर्ध्या फेऱ्याने वळवून पुन्हा बसवलं. शेवटी सगळे स्क्रू आवळून झाल्यावर प्रत्येक स्क्रू किंचित सैल केला. गाडी खाली ठेवली. ती सुसाट सुटली आणि पलंगाखाली जाऊन भिंतीवर आपटली.

कुणीच ती काढायला उठलं नाही.

"तू गाडी तपासत नाहीस गं," नणंद म्हणाली. या वेळी तिच्या आवाजात कुरघोडी नव्हती, आणि तेच भावजयीला जास्त लागलं. "तू तिची शुश्रूषा करतेस. रोगी बरा करायचा आणि मग म्हणायचं, आजार कुठाय?"

घरी जाताना ती दोनदा चुकीच्या वळणावर वळली. गल्ली एवढीशी, पण डोकं ठिकाणावर नव्हतं. अंगण खरंच वाकडं होतं. ते तिला नाचता नाचता सरळ करायची सवय लागली होती, इतकी की वाकडं आहे हेच तिला दिसत नव्हतं. परत आलेल्या खोक्यांवर ती हसली होती. ती खोकी पाठवणारी माणसं तिला आता एकेक करून दिसायला लागली. कुणी टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसलं असेल, स्क्रू धरत नाही म्हणून स्वतःच्याच बोटांना शिव्या घातल्या असतील, शेवटी गाडी खोक्यात कोंबून म्हणालं असेल, आपल्याला नाही जमत. आणि हे सगळं तिच्या हिरव्या चकतीखाली.

गोदामात त्या आठवड्याची थप्पी उभी होती. छताला टेकलेली, सगळी नवीच गाडी. चकती लावावी तर ती खोटी, हे आता तिला ठाऊक होतं. न लावावी तर का नाही हे सांगावं लागणार, आणि सांगितलं की खुर्ची गेली. जिला गाडीतला दोष दिसत नाही तिला तपासणीला कोण ठेवणार? खुर्चीशिवाय ती कोण होती? स्क्रूच्या पुड्या भरणारी एक बाई. हा विचार तिने रात्रभर चघळला असं मी सांगितलं तर कथेत शोभेल, पण ती चांगली झोपली. सकाळी उठून तिने नखं कापली. दहाही.

कारखान्यात जाऊन तिने साहेबांना बोलावलं आणि साच्यांवरच्या काकांनाही. काका म्हणजे मोल्डिंगचे जुने कारागीर. साच्याला केसाएवढी चीर गेली तरी त्यांना आवाजावरून समजे. तिच्याइतकेच मानी, फक्त बोलायला कमी. चहाची वेळ नसूनही पोरी जमल्याच, कारण गिऱ्हाईक स्वतःहून कुणाला बोलावतं हे आक्रीत होतं.

"आज मी फक्त पुस्तिकेत लिहिलंय तेवढंच करणार," ती म्हणाली.

म्हणायला सोपं. आयुष्यात इतकं अवघड काम तिने केलं नव्हतं. स्क्रू उचलला की हात आपोआप केसांकडे जाई, ती तो मध्येच थांबवी. कडेचा पापुद्रा दिसला की अंगठा वळवळे. कापलेल्या नखाची जागा तिला पडलेल्या दाताच्या खळग्यासारखी सारखी जाणवत होती. तिने एक, दोन, तीन, चार असे क्रमाने स्क्रू आवळले. मोटर बसवली. चाकं लावली. गाडी जमिनीवर ठेवली आणि रिमोटचा घोडा ओढला.

गाडी किंचाळली, वीतभर सरकली, मागचं चाक लटपटलं आणि ती थांबली.

मागे यंत्रांचा आवाज चालूच होता. तिची गाडी अडलेली तिथे कुणी पाहिली नव्हती, तिनेही नाही. तिचे कान लाल झाले होते, पण मान खाली गेली नाही.

"तुम्ही ही मुद्दाम बिघडवलीत," साहेब म्हणाले.

"साहेब, मुद्दाम मी काहीच केलं नाही," ती म्हणाली. "म्हणून तर बिघडली."

मग तिने सगळं सांगितलं. नणंदेचं नाव काढायला जिवावर आलं होतं, पण तेही काढलं. आजवर तिने गाडी पास केलेली नव्हती, स्वतःचे हात पास केले होते, असं ती म्हणाली. गाड्या परत पाठवणाऱ्या माणसांना हात आहेत, तुमच्या-माझ्याएवढेच आहेत. थप्पी बाहेर सोडू नका, मी चकती लावणार नाही.

साहेब वाईट माणूस नव्हते. ट्रक दारात उभा असलेला कुठलाही माणूस जसा वागेल तसे ते वागले. आधी चिडले, मग समजूत घातली, मग म्हणाले, "बरं, तुमचंच खरं. पण मग आता गाडी तपासायची कुणी?"

"ज्याला जोडता येत नाही त्याने. मला येतं, म्हणून मी नको."

खुर्ची अशी तिने आपल्या तोंडाने सोडली. मला या बाईचा पुष्कळदा राग येतो, तिचं नाक फार वर असतं. पण या एका वाक्यासाठी ते नाक आणखी बोटभर वर असतं तरी चाललं असतं. साहेब फाटकाकडे गेले आणि ट्रक रिकामा परत पाठवला. पाठवताना त्यांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा होता, पण पाठवला.

काका मात्र पेटले. "माझ्या साच्यात खोट नाही," ते म्हणाले. "तूच पास करत होतीस ना? मला वाटलं, गिऱ्हाइकाला चालतंय, म्हणजे चालतंय."

"आणि मला वाटलं, तुमच्या साच्यातून आलंय म्हणजे सरळच असणार."

कारखानाभर असंच चाललं होतं. जो तो दुसऱ्याच्या नावलौकिकावर विसंबून आपापली मान ताठ ठेवत होता. शेवटी काकांनी स्टूल ओढलं, बसले आणि म्हणाले, "दाखव. तुझे हात काय काय करतात ते मला सगळं दाखव."

मग ते काम सुरू झालं. पॅकिंगमधली एक पोरगी लाल टिकल्यांचा कागद घेऊन शेजारी बसवली. गिऱ्हाइकाने नेहमीसारखी गाडी जोडायची, आणि पुस्तिकेबाहेरची हालचाल तिच्या हातून झाली की पोरीने त्या भागावर टिकली लावायची. पहिली गाडी पुरी झाली तेव्हा तिला गोवर आल्यासारखं दिसत होतं. काकांनी ती गाडी जवळ ओढली. मग एकेक टिकलीवर बोट ठेवून त्यांनी स्वतःच उलगडा केला. मागणी वाढल्यापासून गिअरबॉक्सची शकलं साच्यातून गरमागरम काढली जात होती. ती बाहेर पडून निवताना वाकत. साच्याची कड झिजली होती, म्हणून पापुद्रा. स्क्रूची भोकं केसभर मोठी झाली होती. काकांना हे प्रत्येक वेगवेगळं ठाऊक होतं. एका गाडीत एकत्र किती होतं ते ठाऊक नव्हतं.

दोघं भांडले फार. ती म्हणे, इथे अजून अडतंय. ते म्हणत, इथे अडत नाही, तुझी खोड आहे. ती म्हणे, माझी खोड म्हणजे तुमच्या साच्याची खोड. मग काका पाय आपटत जात आणि साचा घासून परत येत. गरम शकलं निवायला लाकडी पट्ट्यांची चौकट केली. भोकं लहान केली. पुस्तिकेतला स्क्रूचा क्रम समोरासमोरचा छापून घेतला. दर खेपेला टिकल्या कमी होत गेल्या. तिची गंमत अशी, की टिकली कमी झाली की काका खुलत आणि तिला आधी जरा उदास वाटे. आपल्या हातातलं एकेक कसब कुणीतरी काढून प्लास्टिकच्या तुकड्यात घालतंय, असं वाटे. एके दिवशी तिचा अंगठा सवयीने कडेवरून फिरला आणि तिथे खरवडायला काही नव्हतं. कड गुळगुळीत होती. ती पुन्हा पुन्हा अंगठा फिरवत राहिली.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "चांगलं झालंय." असं तिने काकांना पहिल्यांदाच म्हटलं होतं. काकांनी ऐकू न आल्यासारखं केलं आणि दिवसभर शीळ घालत राहिले.

टिकली न लागलेली गाडी निघाली तेव्हा तपासणी आली. गाडी जोडायला ज्याला येत नाही असा माणूस हवा होता. पॅकिंगच्या पोरी बाद, त्यांनी हिला बघून बघून अर्धं उचललं होतं. साहेब म्हणाले, मी बसतो. ती म्हणाली, तुम्ही चिडून जोर लावाल. शेवटी फाटकावरच्या पहारेकऱ्याला बोलावलं. धिप्पाड गडी, बोटं केळ्यासारखी, आयुष्यात त्याने कुलूप आणि किल्ली यापलीकडे काही हाताळलेलं नव्हतं. तो घाबरलाच. "माझ्याकडून काही मोडलं तर?" तो म्हणाला. "मोडलं तर आमचं चुकलं," ती म्हणाली, "तुमचं नाही."

तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसला. ती त्याच्या मागे, हात पाठीशी बांधून उभी राहिली. साहेब, काका, पोरी, सगळे भोवती. पहारेकऱ्याने जीभ बाहेर काढून पुस्तिका वाचली, बोटाने चित्रं पडताळली. एक स्क्रू त्याने तिरका धरला. तिच्या पाठीमागे तिची बोटं एकमेकांत रुतली. पण स्क्रू आत गेला आणि आपोआप सरळ झाला, कारण भोक तसं केलेलं होतं. गिअरबॉक्सची शकलं त्याने एकावर एक ठेवली आणि ती बसली. चौथा स्क्रू आवळून त्याने गिअर फिरवून पाहिला. तो फिरला. त्याला वेळ फार लागला. चहा आला आणि गेला, त्याने घेतला नाही. चाक बसवताना तो स्वतःशी काहीतरी गुणगुणत होता, आणि ते ऐकून काकांनी खिशातून रुमाल काढून नाक पुसलं.

गाडी जमिनीवर ठेवली. पहारेकऱ्याने घोडा ओढला. गाडी दोन यंत्रांच्या मधून गेली, गोदामाच्या दाराशी वळली, तशीच सरळ परत आली आणि त्याच्या बुटाला येऊन टेकली.

तो हसायला लागला. मोठा माणूस हसतो तसा पोट धरून हसला, गाडी उचलून उलटीपालटी बघितली, पुन्हा सोडली. मग खुर्चीवरून उठता उठता त्याने हिच्याकडे बघून, कसलाही आडपडदा न ठेवता, भाबडेपणाने विचारलं, "बाई, एवढंच होय? हे तर कुणीही करेल. मग इतकी वर्षं तुमच्या हातांचं एवढं कौतुक कशाचं चाललं होतं?"

साहेब घाईघाईने काही बोलायला गेले.

"तेच म्हणते मी," ती म्हणाली. या माणसाला गाडी जमली होती, आणि ती आपल्यालाच जमली असं त्याला वाटत होतं. याहून मोठं काम तिच्या हातांनी कधी केलेलं नव्हतं. "काहीच नाही हो त्यात. कुणीही करेल."

पहारेकरी मान डोलावून, गाडी काखेत मारून आपल्या फाटकाकडे गेला, आणि तिथे येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवत उभा राहिला.